कोनाची गाय

“कोनाची गाय हो, कोनाची गाय…”

शेणाचा गोळा तळहातावर फिरवता फिरवता सत्यवतीचा हात थांबला. तिनं मान वर करून पाहिलं. फाटक लोटलेलंच होतं. अंगणातला सडा अजून ओला होता, त्यावर उन्हाची एक कवळी तिरीप उतरली होती आणि तिच्यातून एक कोंबडी पाय उचलून उचलून चालली होती, जणू तिला पाय भिजू द्यायचे नव्हते. बाकी कोणी नव्हतं. आवाज आजचा नव्हताच. तो तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा होता. दिवाळीत गाईगुरांच्या सणाला, गोधनाच्या सकाळी, हात शेणात असताना, तो दर वर्षी असा कुठून तरी निघे, कानाशी येऊन उभा राही आणि तिनं वळून पाहिलं की निघून जाई.

तेव्हा ती कोठीच्या दाराआड उभी होती, नव्या लुगड्याचा पदर दातात धरून. आसगावहून तिच्यासोबत आंदणाची एक कालवड आली होती. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, म्हणून कबरी. त्या सांजेला गोवारी मंडळी ढाल नाचवत फाटकाशी आली. उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं लाल कापड, टोकाला मोरपिसं. पुढे गावचा गायकी श्रावण, तेव्हा ऐन जवान. साऱ्या पळसबोडीची ढोरं तोच चारायचा. त्यानं काठी टेकवून विचारलं, कोनाची गाय? आणि सासू धुरपताबाई ओट्यावरून, तलावापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी, ओरडून म्हणाली होती, “सत्यवतीची!”

मग डफडं वाजलं आणि श्रावणनं दोहा उचलला.

आसगावच्या वाटेनं आली कबरी गाय हो,
सत्यवतीच्या हाताले लागली दुधाची साय हो…

पळसबोडीची ही रीत होती. गाय दारात उभी करायची, गायक्यानं विचारायचं, आणि घरच्या कोणीतरी, त्या घरच्या बाईचं नाव मोठ्यानं द्यायचं. आपलं नाव आपणच द्यायचं नाही. नाव दिलं की ती गाय वर्षभर गायक्याच्या हवाली झाली. ऊन असो, पाऊस असो, तिला रानात नेणं, पाण्यावर नेणं, दिवेलागणीला दारात आणून सोडणं त्याच्याकडे. आणि ज्या घरानं नाव दिलं, त्या घरानं त्याच्या ढोरांना वाट द्यायची. एवढंच. यासाठी कोणी कधी अंगठा उमटवला नव्हता.

सत्यवतीला त्या रीतीचं दुसरंच एक अप्रूप होतं. या गावात तिला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे. शेजारणींना ती आसगाववाली. सासूला सुनबाई. नवरा, वासुदेवराव, आधी नुसते “आयकलं का” म्हणत. मुलगा झाला तेव्हापासून “भोजाची माय”. पेटीतलं भारी लुगडं वर्षातून एकदा उन्हात टाकावं, तसं तिचं नाव गोधनाच्या सांजेला उघड्यावर येई. दोह्यात शिरे, डफड्यावर ठेका धरी, फाटकातून निघून गल्लीच्या टोकापर्यंत जाई. ती दाराआड उभी राहून ते जाताना ऐकत असे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भोजाची माय होई, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. जे वर्षातून एकदा खात्रीनं येणार आहे, त्याची रोज आठवण काढावी लागत नाही.

पण धुरपताबाई गेली त्या वर्षापासून डफडं या दारात मुकं झालं होतं. गोवारी येत, शेजारच्या दारात नाचत, गात. आणि वासुदेवरावांच्या फाटकाशी आले की वाजवणाऱ्याचा हात डफड्यावर पालथा पडे. सगळे उभे राहत. कोणी काही बोलत नसे. मग ढाल हले आणि पुढच्या दारात पुन्हा वाजू लागे. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. निदान सत्यवतीला तसं वाटत होतं.

तिनं गोधन मांडून घेतलं. शेणाची गाय, शेणाचा गोठा, शेणाचाच गायकी, त्याच्या हातात कुंच्याची काडी. हात धुतले, आणि तोरणाला आंब्याचा टहाळा आणायचा म्हणून गोठ्यातून गाय सोडली. ही कबरी त्या पहिल्या कबरीची नात. तेच शिंतोडे, तशीच मान वाकडी करून पाहण्याची सवय. तिला हाकावं लागत नसे. दावं सुटलं की ती आपली आपण गावाबाहेर, आंब्याच्या झाडाखाली जाऊन उभी राही. तिथून पुढे बाभळीच्या काट्यांची गच्च कुपाटी होती.

कुपाटीपलीकडे वासुदेवरावांचं धान होतं, आणि धानापलीकडे तलाव. सकाळची वाफ पाण्यावरून उठत होती, तिच्यात कमळाची पानं अर्धी दिसत, अर्धी विरून जात. पाण्यावर एकच बगळा, तोही कोणीतरी मनात आणून विसरून गेल्यासारखा. एके काळी इथून सरळ ढोरांची वाट होती. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मधून धुळीची रुंद पट्टी, थेट पाण्यात उतरणारी. सांजेला टापरांचा आवाज त्या पट्टीवरून असा येई, की लाकडाच्या त्या घंटा गायींच्या गळ्यात नसून तलावातच बुडालेल्या आहेत असं वाटावं. बहात्तरच्या दुष्काळातही ती वाट कोणी अडवली नव्हती. तलावाच्या तुडुमाला वरपासून खालपर्यंत पाणी सोडायची भोकं होती; शेतकऱ्यांनी धानासाठी एकेका भोकातला डाट काढला, पण सगळ्यात खालचा डाट तसाच ठेवला. ते पाणी ढोरांचं, असं समजूनच गाव चालत आलं होतं.

पुढे नवं बियाणं आलं. उन्हाळ्यातही धान होतं, असं ग्रामसेवक सांगून गेला आणि खरोखरच झालं. वासुदेवरावांनी सगळ्यांच्या आधी करून पाहिलं. पहिल्याच साली त्यांचे कोवळ्या रोपांचे पऱ्हे वाटेच्या कडेला हिरवे डोलत होते, आणि एका दुपारी तहानलेली ढोरं वाट सोडून त्यांत शिरली. तासाभरात चिखल झाला. सत्यवतीला आठवत होतं, ते संध्याकाळपर्यंत बांधावर बसले होते, ओच्यात तुडवलेल्या पऱ्ह्यांची एक जुडी घेऊन, मेलेलं पाखरू घ्यावं तशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटेच्या तोंडावर काटे टाकले. तिसऱ्या दिवशी पट्टी नांगरली.

श्रावण सगळी ढोरं घेऊन आला आणि काट्यांपुढे उभा राहिला. भांडण मोठं झालं नाही. वासुदेवराव एवढंच म्हणाले, की पाणी धानाचं आहे, ढोरांनी आपलं पाहावं. श्रावणनं पागोटं काढून घाम पुसला.

“भाऊ,” तो म्हणाला, “गाय तं इचारत नाई, पानी कोनाचं हाय.”

मग त्यानं ढोरं वळवली. तेव्हापासून गावची गुरं डोंगरीला वळसा घालून, सरकारी रोपवनाच्या कडेनं, तलावाच्या चिखलाच्या अंगाला जात. पोचेपर्यंत दुपार होई. त्याच जेठात धुरपताबाई गेली. आणि त्या दिवाळीला, फाटकाशी, डफड्यावर हात पालथा पडला.

सत्यवतीच्या घरची गाय काट्यांच्या आतून, धानाच्या बांधावरून तलावावर नेता आली असती. मालकाचीच गाय. पण साऱ्या गावच्या गायी वळसा घेत असताना एकट्या कबरीला त्या वाटेनं नेणं तिला कधी जमलं नाही. ती तिला विहिरीचं पाणी शेंदून पाजी. कबरी पाणी पीत असे, आणि रोज सकाळी इथे येऊन काट्यांकडे तोंड करून उभी राहत असे.

आंब्याखाली आज कोणीतरी आधीच होतं. श्रावणची बायको गोदावरीबाई, ढालीला बांधायला डहाळ्या तोडत होती. दोघींचं बोलणं तुटलेलं नव्हतं. बाजाराला जाताना, विहिरीवर, त्या एकमेकींना पोराबाळांचं विचारत. फक्त या काट्यांकडे दोघीही पाहत नसत.

“काढलं का गोधन?” गोदावरीबाईनं विचारलं.

“काढलं. तुमची ढाल सजली?”

“सजवून राहिले पोट्टे. यंदा सजवा म्हनलं नीट. आखरी हाय.”

सत्यवतीनं डहाळी ओढली होती, ती तशीच धरून ठेवली. गोदावरीबाईनं पानं मोडता मोडता, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. होळी झाली की ते निघणार. दोन घरं आधीच गेली आहेत, नागपूरकडे, विटांच्या भट्टीवर. मागच्या जेठात त्यांची लाली गाय त्या चिखलात रुतली. अर्धं गाव दोर लावून ओढत होतं, निघाली नाही. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं मन उडालं आहे. रात्री झोपेत ढोरं वळवतो म्हणे, हात हलवून, आणि वाट सापडत नाही म्हणून जागा होतो.

“आमी गेलो का ढोरं ज्याची त्यानं पाहावं,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच कुपाटीकडे पाहिलं. मग सत्यवतीकडे. “एक इचारू, बाई? राग नोका मानू.”

“इचार ना.”

“तुमी नाव काहून नाई देत?”

सत्यवतीला प्रश्न कळला नाही. डहाळी हातातून सुटून वर गेली आणि पानांवरचं दंव दोघींच्या अंगावर पडलं.

“आमी? तुमचंच डफडं बंद होते आमच्या दारात.”

“बंद कायले होईन? थांबते ते.” गोदावरीबाईच्या आवाजात नवल होतं. “ज्या घरची म्हातारी गेली, त्या घरी तोंडानं इचारत नाई जी. दारातला आवाज गेला ना त्या घरचा. चूप उभं रायते गायकी. घरातल्या दुसऱ्या कोनी नाव देल्लं, का मंग दुसऱ्या सालापासून इचारा लागते. तुमच्या इकडे नाई का असं?”

नव्हतं. आसगावला गोवारी सगळ्या दारांत विचारत. आणि या घरात, सत्यवती आली तेव्हापासून, धुरपताबाई ओट्यावर होतीच. वासुदेवरावांची आजी त्यांच्या जन्माआधी गेलेली. दुसऱ्यांच्या दारात घरचं कोणी लगेच नाव देई, म्हणून तिथलं थांबणं कधी ध्यानात आलं नव्हतं. मुकं डफडं या दारानं आधी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं ते काटे टाकल्यावर.

“मले वाटलं,” सत्यवती म्हणाली, “तुमी आमाले टाकलं.”

“आन आमाले वाटलं, तुमी.” गोदावरीबाईनं डहाळ्यांचा भारा डोक्यावर घेतला. “आमचा बुढा तं तुमच्या दारातून आला का जेवत नाई त्या दिशी. म्हनते, मी एवढा उभा रायलो, भाऊनं एक नाव नाई देल्लं.”

ती गेली. भाऱ्यातलं एक पान मागे वाटेवर पडलं, कबरीनं ते हुंगलं आणि खाल्लं नाही. सत्यवती बराच वेळ आंब्याखाली उभी होती. तलावावरची वाफ विरली होती आणि पाणी उघडं पडलं होतं, कोणी झोपेतून उठून बसावं तसं. इतकी वर्षं गोवारी फाटकाशी येऊन उभे राहत होते, आणि आत ती, ओठ मिटून, त्यांच्या गप्प राहण्याला राग समजत होती. आणि आतल्या खोलीत खिडकीशी वासुदेवराव. काटे टाकल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी श्रावणला द्यायला पवनीच्या बाजारातून नवं धोतर आणलं होतं. तिला म्हणाले नव्हते; तिनं पाहिलं होतं. डफडं मुकं झालं तेव्हा त्यांनी ते घडी न मोडता आड्यावर टाकून दिलं. ते अजून तिथंच होतं. घडीवर पिवळी रेघ पडली होती. तो आड्याखालचा कोपरा झाडताना ती दर वेळी वर पाही.

वासुदेवराव गोठ्यापुढे बैलाच्या शिंगांना गेरू लावत होते. ते हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. जिभेचं टोक ओठात धरून, लहान मुलासारखे रंगवत.

“आयकलं का,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण आंब्याची पानं एकेक करून मोडतो आहोत. गेरूचा कुंचा शिंगावर थांबला. बैलानं मान झटकली आणि वासुदेवरावांच्या सदऱ्यावर तांबडी रेघ उमटली, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही.

“कोन म्हने?”

“गोदावरी.”

“आन तिले आज सुचलं सांगाले?”

“तिले वाटे, आपल्याले मालूम हाय.”

ते काही वेळ बैलाच्या कपाळावरचा भोवरा बोटानं फिरवत राहिले.

“मंग तूच देऊन द्याचं होतं नाव.”

“माहं नाव मीच देऊ?”

“भोजा…”

“लेकरू मायचं नाव घेईन का चारचौघांत? आन तो भंडाऱ्याले हाय. येनार नाई म्हने, सुटी नाई त्याले.”

म्हणजे उरलं कोण, ते दोघांनाही समजलं. वासुदेवरावांचे कान हळूहळू लाल झाले. लग्नात उखाणा घे म्हणून सगळे मागे लागले होते, तेव्हाही ते हसून उठून गेले होते. तिला तेही आठवलं आणि बहुधा त्यांनाही.

“होळी झाली का चालले ते,” ती म्हणाली. “गाव सोडून.”

त्यांनी कुंचा गेरूत बुडवला, काठावर निथळला, पुन्हा बुडवला.

“नाव देल्लं तं वाटबी द्या लागते.”

“हो.”

“आपल्या बेबीचं लगन त्या पट्टीच्या धानावर झालं, भोजाची माय.”

“मले मालूम हाय.”

“पऱ्हे तुडवले तवा कोनी आलं होतं का माह्याकडे? एक मानूस?”

त्यांचं ते खरंच होतं. तिनं फक्त पानांचा चुरा ओंजळीत गोळा केला, उकिरड्यावर टाकला आणि चुलीकडे गेली. तिला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं, की या गावात एका सांजेला आपलं नाव होतं. ते होळीनंतर कोणाच्याच तोंडात उरणार नाही, आणि त्या दिवशी आपण विहिरीवर पाणी शेंदत असू.

थोड्या वेळानं तिनं पाहिलं, तर बैलाचं एकच शिंग रंगलेलं होतं. गेरूची वाटी जमिनीवर होती, तिच्यावर माश्या बसत होत्या. भिंतीच्या खोबणीतला विळा नव्हता. वासुदेवराव कुठेच नव्हते.

गोधनाच्या दिवशी ते असेच कुठंतरी जात, डफडं ऐकू येऊ नये म्हणून. मग ऐन वेळी परत येत आणि खिडकीशी बसून ऐकत. सत्यवतीनं उसासा टाकला नाही. लवकर येणाऱ्या हलक्या धानाच्या नव्या तांदळाची खिचडी रांधली, तीत कोहळ्याचे तुकडे टाकले. बैलाचं दुसरं शिंग तिनंच रंगवून टाकलं. तिचा हात वाकडा गेला आणि एक शिंग दुसऱ्याहून तांबडं झालं. शेजारची उषाबाई तेलाची वाटी मागायला आली, ती बैलाकडे पाहून म्हणाली, की यंदा आसगाववालीचा बैल एका अंगानं नवरदेव झाला. दोघी हसल्या. हसताना सत्यवतीला वाटलं, आपण फार लांबून हसतो आहोत, तलावाच्या पलीकडच्या काठावरून.

दुपार कलली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं आणि तिथून परसातल्या पपईच्या पानांवर जाऊन बसलं. तिनं कबरीला धुतलं, कपाळाला हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली, सुपात खिचडी दिली. गाय खाताना मधेच मान वर करी आणि कान तलावाकडे वळवी. गावाच्या त्या टोकाला डफडं सुरू झालं होतं. आधी ते इतकं लांब होतं, की आपल्याच छातीत वाजतं आहे असं वाटावं. मग ते गल्लीत आलं. मग एकेक दार. दर दारात प्रश्न, दर दारात एक नाव. कौशल्याबाईची. धुराच्या वासासारखं ते नाव भिंतींवरून तरंगत आलं. ललिताबाईची. मग दोहा, मग हसणं, मग पुन्हा ठेका. नावं अशी जवळ जवळ येत होती. सत्यवतीनं पदर सावरला आणि कोठीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. त्या पहिल्या दिवाळीला जिथं उभी होती, तिथंच. चौकटीला तिच्या पाठीच्या उंचीवर एक गुळगुळीत डाग पडला होता.

उषाबाईच्या दारात दोहा संपत आला, तेव्हा परसातलं दार वाजलं.

वासुदेवराव आत आले. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी पाय धुतले, मग तोंड. डोक्यात धानाचं कुसळ अडकलेलं होतं, अंगाला नुकत्याच कापलेल्या धानाचा हिरवा, ओला वास येत होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. मनगटापासून वर दोन्ही हातांवर बारीक लाल रेघांची जाळी होती. काही रेघांतून अजून रक्ताचे ठिपके येत होते. एक काटा तळव्यात मोडून राहिला होता. सत्यवतीनं ते हात पाहिले. तिनं नुसता पदराचा शेव पुढे केला, आणि त्यांनी त्याला हात पुसले, आणि पदरावर रेघांचा एक फिका ठसा उमटला.

“ते धोतर कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“आड्यावर.”

त्यांनी हात उंचावून ते काढलं. धूळ झटकली. पिवळी रेघ आत जाईल अशी घडी बदलली.

बाहेर ठेका फाटकापर्यंत आला, आणि हात डफड्यावर पालथा पडला.

वासुदेवराव ओट्यावर जाऊन उभे राहिले. धुरपताबाई बसायची त्याच जागी. पण बसले नाहीत. सत्यवती दाराच्या फटीतून पाहत होती. फाटक आज उघडं होतं. ते कोणी उघडलं, तिच्या लक्षात आलं नव्हतं. बाहेर ढाल उभी होती, तिची मोरपिसं वाऱ्यानं किंचित हलत होती. श्रावण पुढे होता, वाकलेला, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूचं धुकं उतरलं होतं. तो घराकडे पाहत नव्हता, घर जिथं असायला हवं तिथं पाहत होता. मागे गोदावरीबाई जमिनीकडे बघत उभी होती. कोणी बोलत नव्हतं.

दर वर्षीचीच ती शांतता. तेवढीच लांब, तेवढीच जड. पण आज सत्यवतीला तिच्यात श्रावणचा जवानपणीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कोनाची गाय हो. तो इतक्या वर्षांत एकदाही थांबला नव्हता.

वासुदेवराव खाकरले.

“भोजाच्या मायची,” ते म्हणाले, अगदी हळू.

मागच्या पोरांत कोणीतरी फिसकन हसलं. डफड्यावरचा हात उचलला गेला नाही. श्रावण हलला नाही. त्यानं फक्त मान थोडी तिरकी केली, कमी ऐकू येणारा माणूस करतो तशी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाईही नव्हती. ढोर पाणी पीत असताना गायकी थांबतो, तसा तो थांबला होता.

वासुदेवरावांनी ओट्याशी उभ्या कबरीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या हातावरच्या लाल रेघा तिच्या काळ्या शिंतोड्यांत मिसळल्या. काखेतलं धोतर त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं. मग ते वळले, आणि बाहेर उभ्या असलेल्या साऱ्या गावाकडे पाठ करून त्यांनी कोठीच्या दाराकडे पाहिलं, त्या फटीकडे, जिच्याआड ती पदर दातात धरून उभी होती.

“सत्यवतीची,” ते म्हणाले. आणि मग, तलावापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “आसगावच्या सत्यवतीची गाय हाय.”